लहान होडी, पक्की साधने
छोट्या नौकांवर उपकरणे बसविताना घ्यावयाची दक्षता

सागरी मासेमारीचा विचार करताना मोठमोठ्या यांत्रिक नौका सहज डोळ्यांपुढे येतात. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांमध्ये एक-दोन माणसांच्या बळावर चालणाऱ्या लहान होड्यांचे स्थान आजही महत्त्वाचे आहे. पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंत उलांडीच्या होड्या, फळ्यांच्या होड्या आणि अलीकडच्या काळात प्रचारात आलेल्या फायबरच्या होड्या असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालवितात. मालवण-तारकर्लीच्या परिसरात आणि गोव्याच्या खाड्यांमध्ये त्यांच्या जोडीला प्लॅस्टिकची कयाकही दिसू लागली आहे. आज ती प्रामुख्याने पर्यटकांच्या जलविहारासाठी वापरली जात असली, तरी परदेशात तिच्यावर बसून गळाने मासेमारी करणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे.

पूर्वी अशा होडीवर वल्हे, नांगर, जाळे आणि कंदील एवढाच संसार असे. आता त्यात भर पडली आहे. स्थाननिश्चितीचे यंत्र, मासळीचा व पाण्याच्या खोलीचा वेध घेणारे ध्वनियंत्र, बिनतारी संदेशयंत्र, विजेचा दिवा, बॅटरी आणि गळाच्या काठ्या धरून ठेवणाऱ्या खोबणी अशी अनेक साधने लहान होडीवरही येऊन बसली आहेत. ही साधने विकत घेताना त्यांच्या किमतीचा आणि गुणांचा बारकाईने विचार केला जातो. ती होडीवर बसविण्याचे काम मात्र बहुधा घाईने, मिळतील त्या खिळ्यांनी व स्क्रूंनी उरकले जाते. या निष्काळजीपणाचे मूल्य कधी पैशात, तर कधी प्राणाच्या रूपाने द्यावे लागते.

एका छिद्राची किंमत

साधन बसविण्यासाठी होडीला छिद्र पाडावे लागते, आणि छिद्र म्हणजे पाण्याला दिलेली वाट होय. पाण्याच्या पातळीखाली केवळ १० सेंटिमीटरवर ६ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे नेहमीच्या बोल्टच्या जाडीचे, एक छिद्र उघडे राहिले, तर त्यातून मिनिटाला सुमारे दीड लिटर पाणी आत येते. तासाभरात हे प्रमाण ८० लिटरच्या वर जाते. एका धडधाकट माणसाहून अधिक असे हे वजन नकळत होडीत येऊन बसते. माणूस एका जागी बसतो, पाणी मात्र बसत नाही. होडी ज्या बाजूस कलते, त्याच बाजूस ते धावते आणि तिला अधिकच कलविते. पोकळ कयाकमध्ये तर हे पाणी दृष्टीसही पडत नाही. होडी जड झाली, वळेनाशी झाली, की मग शंका येते.

दुसरा धोका साधन निसटण्याचा. गळाला मोठा मासा लागला असता खोबण उपटून काठीसह समुद्रात गेली, तर नुकसान पैशाचे होते. परंतु अंधारात दिव्याचा खांब मोडून पडला, किंवा होडी उलटताच संदेशयंत्र वाहून गेले, तर ज्या क्षणासाठी ते घेतले होते त्याच क्षणी त्याचा उपयोग होत नाही. सारांश, साधन असणे आणि ते वेळेवर हाताशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

परंपरेचा धडा

कयाक ही मूळची आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट आणि अ‍ॅल्युट लोकांची नौका. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले लाकूड व हाडे यांचा सांगाडा करून त्यावर सीलसारख्या सागरी प्राण्यांचे कातडे ताणून बसवीत. शिकारीची हत्यारे ठेवण्यासाठी या कातड्याला खिळे ठोकणे शक्यच नव्हते. म्हणून नौकेच्या पृष्ठभागावर आडवे पट्टे ताणलेले असत व भाला त्यांच्याखाली सरकवून ठेवला जाई. ग्रीनलंडमधील शिकारी भाल्याच्या दोरीचे वेटोळे आपल्यापुढील एका छोट्या घडवंचीवर ठेवीत आणि हवा भरलेला कातडी फुगा पाठीमागे ठेवीत. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे, ती हाताच्या टप्प्यात असे आणि एका हाताने सोडविता येई.

आपल्या किनाऱ्यावरील परंपराही याच शहाणपणाची साक्ष देते. पश्चिम किनाऱ्यावर काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून होड्या बांधण्याची कला जुनी आहे. उलांडीच्या होडीत उलांडीचे आडवे दांडे होडीला दोरांनी आवळून बांधतात. लाट येते तेव्हा हा बांध किंचित लवतो आणि धक्का पचवितो. म्हणून लाकूड तडकत नाही. पक्केपणा म्हणजे ताठरपणा नव्हे, हे तत्त्व जुन्या कारागिरांना अनुभवाने उमगले होते. आजचे साहित्य बदलले असले, तरी हे तत्त्व बदललेले नाही.

जागेची निवड

साधन कोठे बसवावे, हा पहिला प्रश्न होय. याचे उत्तर जमिनीवर नव्हे, तर पाण्यात शोधावे. होडी उथळ व शांत पाण्यात नेऊन नेहमीच्या जागी बसावे, वल्हे मारून पाहावे, जाळे किंवा गळ टाकण्याची क्रिया करून पाहावी आणि साधन हातात धरून योग्य ठिकाणी खडूने खूण करावी. गिरमिट हाती घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पारखून घेणे इष्ट ठरते.

वल्ह्याच्या फेऱ्यात कोणतेही साधन येता कामा नये. नित्य लागणारी वस्तू बसल्या जागेवरून, न वाकता, हाताला लागली पाहिजे. बॅटरी, नांगर यांसारखे जड सामान शक्य तितके खाली व होडीच्या मध्याजवळ असावे. उंचावरील वजन होडीला डळमळीत करते. पाण्यात पडलेला माणूस ज्या बाजूने होडीवर परत चढतो, ती जागा पूर्णपणे मोकळी ठेवावी. तेथे टोकदार खोबण किंवा उभा खांब असल्यास वर चढणे अवघड होते आणि अंगाला इजा होते. होकायंत्र असल्यास लोखंडी वस्तू आणि ध्वनिवर्धक त्यापासून दूर ठेवावेत. लोहचुंबकाच्या प्रभावाने सुई चुकीची दिशा दाखविते.

दिव्याच्या बाबतीत विशेष विचार करावा लागतो. समुद्रावरील धडका टाळण्यासंबंधीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ७ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि ७ नॉटपेक्षा अधिक वेग नसलेल्या यांत्रिक होडीस चोहोबाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा चालतो. वल्ह्यांवर चालणाऱ्या होडीला नियमित दिवे नसले, तरी पांढऱ्या उजेडाचा विजेरी दिवा किंवा कंदील तयार ठेवून धडक टाळण्यासाठी तो वेळीच दाखविणे आवश्यक असते. चोहोबाजूंनी दिसावयाचा दिवा माणसाच्या डोक्याच्या वर असावा लागतो. अन्यथा बसलेल्या माणसाचेच शरीर एका दिशेने त्याला झाकून टाकते. म्हणजे खांब उंच हवा, आणि खांब उंच झाला की त्याच्या बुडाशी येणारा ताण वाढतो.

तरफेचे गणित

हा ताण कसा वाढतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. ३० सेंटिमीटर उंचीच्या खोबणीच्या टोकाला १० किलोग्रॅम ओढ बसली आणि तिच्या बुडाचे दोन बोल्ट ओढीच्या दिशेने एकमेकांपासून ५ सेंटिमीटरवर असले, तर त्यांतील एका बोल्टवर वर उपटणारा सुमारे ६० किलोग्रॅमचा जोर येतो. तेच बोल्ट १५ सेंटिमीटर अंतरावर असतील, तर हा जोर २० किलोग्रॅमपर्यंत उतरतो. बोल्ट तोच आणि ओढही तीच असताना, केवळ बैठक रुंद केल्याने भार एक-तृतीयांश होतो. म्हणून उंच साधनाची बैठक रुंद असावी, आणि शक्य असेल तेथे साधनाची उंचीच कमी ठेवावी.

बोल्ट सहसा तुटत नाही. फाटते ती होडीची भिंत. साधा स्क्रू पातळ प्लॅस्टिकमध्ये किंवा फायबरमध्ये दोन-चार आट्यांवरच तग धरतो. लाटांच्या हादऱ्याने त्या आट्या झिजतात आणि एके दिवशी स्क्रू उपटून येतो. यास्तव जेथे ओढ बसते, तेथे आरपार बोल्टच वापरावा आणि आतील बाजूस नटाखाली आधारपट्टी द्यावी. ६ मिलिमीटरच्या बोल्टखालील वॉशर, म्हणजे कारागिरांचे ‘वायसर’, सुमारे १२ मिलिमीटर व्यासाचे असते. त्याचा भिंतीवर टेकणारा भाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याऐवजी १० सेंटिमीटर लांब-रुंद पट्टी दिल्यास तोच भार सुमारे १०० चौरस सेंटिमीटरवर वाटला जातो. ही पट्टी जाड प्लॅस्टिकची, अ‍ॅल्युमिनियमची किंवा पाणी न शोषणाऱ्या फायबरची असावी. तिचे कोपरे गोल करावेत. धारदार कोपरा भिंतीला हळूहळू कापतो.

होडीच्या साहित्याप्रमाणे रीत

प्लॅस्टिकची कयाक पॉलिएथिलीनची असून ती बहुधा फिरत्या साच्यात एकसंध घडविलेली असते. या पदार्थाचे दोन गुणधर्म ध्यानात ठेवावयास हवेत. पहिला असा की, त्यावर बहुतेक गोंद व चिकटद्रव्ये नीट धरत नाहीत. चिकटविलेली बैठक दुकानात पक्की वाटते आणि उन्हापाण्यात सुटून येते. दुसरा असा की, उष्णतेने तो धातूपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतो. तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढले असता एक मीटर लांबीचे पॉलिएथिलीन सुमारे ४ ते ५ मिलिमीटरने वाढते, तर तेवढीच अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एक मिलिमीटरनेही वाढत नाही. म्हणून साधने सरकविण्याची लांब धातूची खाचपट्टी एकाच सलग तुकड्याने लावण्याऐवजी लहान तुकड्यांनी लावणे श्रेयस्कर ठरते. अथवा मधले छिद्र घट्ट ठेवून बाकीची छिद्रे लांबट करावीत.

कयाकच्या पोकळीत सर्वत्र हात पोहोचत नाही. अशा जागी आतून पाय पसरणारे तीन पाकळ्यांचे रिव्हेट, किंवा आवळताच आत फुगणारे रबरी नट उपयोगी पडतात. पत्र्यासाठी वापरले जाणारे साधे रिव्हेट मात्र मऊ प्लॅस्टिकमधून सहज ओढले जातात. रिव्हेट व रबरी नट मध्यम भारासाठी योग्य होत. नांगराची दोरी किंवा उंच खांब त्यांच्या भरवशावर ठेवू नये.

फायबरच्या होडीत वेगळी दक्षता लागते. काही होड्यांच्या भिंतीत दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा फेस भरलेला असतो. छिद्र पाडताच या मधल्या भागात पाणी मुरू लागते, प्लायवूड कुजते आणि वरून सुस्थितीत दिसणारी भिंत आतून पोकळ होते. यावर उपाय सोपा आहे. छिद्र प्रथम मोठे पाडावे, ते इपॉक्सीने पूर्ण भरून वाळू द्यावे, आणि मग त्या घट्ट झालेल्या इपॉक्सीतून बोल्टच्या मापाचे छिद्र पाडावे. त्यामुळे पाण्याला मधल्या भागापर्यंत वाटच उरत नाही.

लाकडी होडीवर काठाला आवळून बसणारे शिकंजे किंवा दोरीचे बांध वापरता आले, तर छिद्राची गरजच पडत नाही. छिद्र घ्यावेच लागले, तर ते फळीच्या कडेपासून पुरेसे आत घ्यावे. कडेजवळचे लाकूड चिरते.

धातूची निवड

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या पाण्यात साधे लोखंड काही आठवड्यांतच गंजू लागते. स्टेनलेस स्टीलमध्येही प्रती असतात. ३०४ क्रमांकाच्या स्टीलवर समुद्रात तांबूस डाग व बारीक खळगे पडतात; ३१६ क्रमांकाच्या स्टीलमध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक टिकते. पितळेच्या बाबतीत सावध राहावे, कारण खाऱ्या पाण्यात त्यातील जस्त झिजून जाते आणि धातू ठिसूळ होतो.

भिन्न धातू एकमेकांना टेकवून ठेवल्यास खारे पाणी त्यांच्यात विद्युतघटाप्रमाणे कार्य करते. अ‍ॅल्युमिनियमच्या बैठकीत स्टेनलेस स्टीलचा बोल्ट घातला, तर झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. दोहोंच्या मध्ये नायलॉनचे वॉशर किंवा रबराची चकती घालून ही झीज बरीच रोखता येते. हादऱ्याने नट सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा.

प्रत्यक्ष कृती

कृतीचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. भिंतीच्या मागे काय आहे, हे प्रथम पाहावे. तेथे विजेची तार, इंधनाची टाकी किंवा तरंगण्यासाठी ठेवलेला हवाबंद कप्पा असू शकतो. गिरमिटाच्या पात्यावर रंगीत पट्टी गुंडाळून खोलीची मर्यादा ठरवावी. आधी बारीक आणि मग बोल्टच्या मापाचे छिद्र पाडावे. छिद्राच्या कडेवरील फुगीर किस काढून टाकावा. बैठकीखाली आणि बोल्टच्या डोक्याखाली सागरी वापराचे लुकण किंवा रबराची पातळ गादी द्यावी. प्लॅस्टिकला लुकण चिकटत नसले, तरी दाबाखाली ते गादीचे काम करते. बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. सर्व जोर लावून आवळल्यास लुकण बाहेर निघून जाते आणि भिंत दबते. प्लॅस्टिक दाबाखाली हळूहळू सरकत असल्याने एका आठवड्यानंतर बोल्ट पुन्हा तपासून बेताने आवळावेत.

ध्वनियंत्राचा पाण्यातील भाग बसविताना तो बुडबुड्यांपासून दूर राहील असे पाहावे. हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत. फायबरची भिंत भरीव असेल, तर हा भाग छिद्र न पाडता आतील बाजूस इपॉक्सीत बसविता येतो. भिंतीत फेसाचा थर असल्यास मात्र ही युक्ती चालत नाही. होडीच्या मागील फळीवर लावण्याच्या सुट्या इंजिनास केवळ त्याच्या आवळण्याच्या मळसूत्रांवर सोडू नये. उत्पादकाने दिलेल्या छिद्रांतून बोल्ट घालावेत व शिवाय जाड दोरी किंवा साखळीने ते होडीला बांधून ठेवावे.

काम संपल्यावर परीक्षा घ्यावी. पोकळ होडीत थोडे पाणी ओतून ती कलती केली, तर गळणारा सांधा जमिनीवरच ओळखता येतो. प्रत्येक साधन हाताने जोर लावून सर्व दिशांनी ओढून पाहावे. जे साधन हाताच्या ओढीने हलते, ते लाटेपुढे टिकणार नाही.

बांधावे कशास, सोडावे कशास

कितीही उत्तम बैठक असली, तरी ती सुटू शकते असे धरून चालावे. म्हणून मौल्यवान साधनास बैठकीखेरीज एक स्वतंत्र दोरी असावी. वल्हे, पक्कड, सुरी, विजेरी दिवा या सुट्या वस्तूही दोरीने बांधाव्यात. मात्र या दोऱ्या आखूड असाव्यात. होडी उलटली असता लांब सैल दोऱ्या पायांत गुरफटतात आणि माणसाला पाण्याखाली अडकवून ठेवतात. नांगराची दोरी ओढताच सुटणाऱ्या सुरगाठीने बांधावी आणि ती कापण्यासाठी सुरी हाताशी असावी. प्रवाहात नांगर अडकला असता ही गाठ सुटली नाही, तर होडीचे तोंड किंवा बाजू पाण्याखाली खेचली जाण्याचा संभव असतो.

जीवरक्षक जाकीट ही बांधून ठेवण्याची वस्तू नव्हे, अंगावर घालण्याची वस्तू आहे. जाळ्याखाली दाबून ठेवलेले जाकीट संकटसमयी हाती लागत नाही. हातात धरावयाचे बिनतारी यंत्रही होडीपेक्षा जाकिटालाच अडकविणे अधिक योग्य. कारण माणूस आणि होडी यांची ताटातूट झाली, तर मदत माणसाला हवी असते. संकटाचा संदेश देण्यासाठी व्हीएचएफ यंत्रावरील १६ क्रमांकाची वाहिनी आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मच्छीमाराला पाठ असला पाहिजे.

शासकीय प्रयत्न आणि मच्छीमारांचा सहभाग

मच्छीमारांच्या सुरक्षिततेसाठी अलीकडच्या काळात काही महत्त्वाची पावले पडली आहेत. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत नौकांवरील संदेशवहन व सुरक्षा साधनांचा समावेश आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेल्या तंत्रावर आधारित, उपग्रहामार्फत संदेश देणारे ट्रान्सपाँडर किनारी राज्यांतील व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख यांत्रिक व मोटार बसविलेल्या मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने बसविण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. या यंत्राला आकाश मोकळे दिसावे लागते. ते छपराखाली किंवा जाळ्यांच्या ढिगाआड गेले, तर त्याचे कार्य मंदावते. त्याची जागा स्वतःच्या सोयीने बदलू नये. बदल आवश्यक असल्यास जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावा.

यंत्र पुरविणे हे शासनाचे कार्य झाले. ते सुस्थितीत ठेवणे हे होडीच्या मालकाचे आणि खलाशाचे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. या ६१ दिवसांत जाळी विणली जातात, होड्यांना रंग दिला जातो. त्याच वेळी प्रत्येक बोल्ट उघडून पाहणे, गंजलेला बदलणे, जुने लुकण खरवडून नवे भरणे आणि नको असलेली छिद्रे कायमची बुजविणे हे काम हाती घेतल्यास हंगामाची सुरुवात निर्धास्तपणे करता येईल. मच्छीमार सहकारी संस्थांनी बोल्ट, आधारपट्ट्या व लुकण यांची एकत्रित खरेदी केली, तर चांगल्या प्रतीचे साहित्य लहान होडीवाल्यालाही परवडेल. संस्थेच्या आवारात एखाद्या जाणकार कारागिराकडून एक दिवस प्रात्यक्षिक घडविले, तर त्याचा लाभ सगळ्या वाडीला होईल.

मोठी नौका एखादी चूक सहन करते. लहान होडीजवळ तेवढी सवड नसते. एक आधारपट्टी, चार योग्य बोल्ट आणि अर्ध्या दिवसाचे श्रम यांचा खर्च एका हरवलेल्या यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे. आणि समुद्रावरून सुखरूप परतणाऱ्या माणसाच्या तुलनेत तर तो खर्च मोजण्याचेही कारण नाही.